मामांनी खोडलेली ओळ

महाराष्ट्राला आमदार पुष्कळ लाभले, पण शाळेच्या उद्घाटनाला जाऊन आधी मागच्या अंगाला संडास बघायला जाणारा आमदार एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. लग्नाआधी मला हे कोणी सांगितले नव्हते. मुलीचे मामा आमदार आहेत एवढेच कळले होते, आणि त्यावर आमच्याकडच्या मंडळींनी लाल दिव्याच्या गाडीची स्वप्ने रंगवली. मामा आले ते कोळवणच्या एसटीने. मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा नवरीमागे उभे राहायला मामाच नव्हते. शोधाशोध झाली. ते कार्यालयाच्या मागे ओढ्याकाठी सापडले, आचाऱ्याला विचारत होते, ‘‘ह्या उष्ट्या पत्रावळ्या जातात कुटं?’’ तीन मंगलाष्टका भटजींना जास्तीच्या म्हणाव्या लागल्या.

मामा एकदाच निवडून आले. पाच वर्षे ते आमदार होते आणि त्यानंतरची सारी वर्षे ते माजी आमदार आहेत. दुसरी कारकीर्द पहिलीपेक्षा जास्त यशस्वी झाली असे त्यांचे स्वतःचे मत आहे, कारण तिच्यात निवडून यावे लागत नाही. सभागृहात त्यांनी दोनच विषय धरले, शाळा आणि डोंगर. कोणत्या शाळेत प्यायला पाणी नाही आणि कोणता डोंगर कोणाच्या परवानगीने पोखरला जातो आहे, एवढे दोनच प्रश्न ते गावांची नावे बदलून विचारत. उत्तरही दोन्हींना एकच येई: ‘माहिती घेण्याचे काम सुरू आहे.’ दुसरा कोणी कंटाळला असता. मामा पुढच्या अधिवेशनात विचारत, ‘‘काम सुरू आहे का?’’ ही सगळी प्रश्नोत्तरे त्यांनी पुठ्ठ्यांत बांधून घेतली आणि घराच्या बाहेरच्या खोलीत दोन कपाटांत लावली. खोलीवर ‘संपर्क कार्यालय’ अशी पाटी होती. ते वाक्य घरातही इतके रुळले की मामींनी ‘‘आंघोळ झाली का?’’ विचारले की मोरीतून उत्तर येई, ‘‘माहिती घेण्याचं काम सुरू हाय.’’

संडासाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण मामांचे तिकीट तिच्यामुळे कापले गेले असे जाणकार सांगतात. एका गावात शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन होते. मंत्री आले, सनई लागली, तबकात कात्री आली. मामा नेहमीप्रमाणे मागे जाऊन आले आणि माईकवर म्हणाले, ‘‘नळ हाय, पाणी न्हाई. पोरींनी जायचं कुटं? आज उद्घाटन न्हाई.’’ मंत्र्यांच्या हातात कात्री तशीच राहिली. लोकांना वाटले विनोद आहे, म्हणून टाळ्या पडल्या. पण मामांनी खरोखरच मंत्र्यांना चहा पाजून परत पाठवले. फीत दारावर तशीच होती. मुले खालून वाकून वर्गात जात. पुढे एक दिवस नळाला पाणी आले, त्याच्या आदल्या दिवशी ती फीत एका शेळीने खाल्ली. त्या शाळेचे उद्घाटन शेळीच्या हस्ते झाले असे मामा आजही मानतात, आणि भाषण न करता निघून गेलेली ती एकमेव पाहुणी, असेही म्हणतात.

वृक्षारोपणाला ते जात नसत. ‘‘जुलैत कुनीबी झाड लावंल, जावईबापू. मला मे महिन्यात बोलवा,’’ असे म्हणत. आणि मे महिन्यात खरोखरच जात. हातात आदल्या वर्षीच्या पाहुण्यांची यादी, बरोबर पाण्याचा एक डबा. मेलेल्या रोपाची नोंद घेत आणि लावणाऱ्याला आमदारांच्या पत्रावर सांत्वन कळवत: ‘आपण लावलेले करंजाचे रोप गेल्या मंगळवारी सुकून वारले. आपल्या दुःखात मी सहभागी आहे. खड्डा रिकामा आहे.’ बहुतेकांना ही पत्रे अपमानाची वाटली. एका बँकेच्या साहेबांना मात्र इतके वाईट वाटले, की ते नवे रोप घेऊन डोंगर चढून आले. आता निवृत्त झाले आहेत, तरी दर उन्हाळ्यात त्या झाडाला भेटायला येतात. मामांच्या कारकिर्दीतले हे एकमेव मतपरिवर्तन.

त्यांच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी पौड रस्त्यावर भुकूमपासून फ्लेक्स लावले, तेव्हा मामांनी ते सगळे उतरवून घेतले आणि गळक्या शाळेच्या कौलांखाली आतून ताणून बांधले. तो पावसाळाभर पहिली ते चौथीची मुले हात जोडलेल्या मामांच्या नजरेखाली पाढे म्हणत होती. काही धाकट्या मुलांना बरेच दिवस वाटे, की हा कोणी वर राहणारा देव असावा.

पण या सगळ्यात मामांना खरा अभिमान होता तो एका सरकारी आदेशाचा. त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे. देवीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले रान. तिथले वाळके लाकूडसुद्धा कोणी घरी नेत नाही. कोळवणच्या खोऱ्यात शहरातली माणसे फार्महाऊस घेऊ लागली आणि त्यांची कुंपणे चढत चढत रानाच्या पायथ्याला आली, तेव्हा मामांनी मुंबईत ठाण मांडून आदेश काढून घेतला: देवराईत आणि तिच्या भोवतीच्या पट्ट्यात बांधकाम करता येणार नाही. मसुद्यात अधिकाऱ्यांनी ‘सार्वजनिक हिताची बांधकामे वगळून’ असे शब्द घातले होते. मामांनी ती ओळ स्वतःच्या पेनने खोडली. ‘‘सार्वजनिक हित म्हणलं की पयला कोन येतो?’’ ते आम्हाला जेवताना सांगत. ‘‘रिसॉर्टवाला! दारावर ‘निसर्ग अभ्यास केंद्र’ लिवतो आन आत पोहायचा तलाव खणतो.’’ आदेश निघाला तो एकाही पळवाटेशिवाय. आज त्या खोऱ्यात उभे राहून पाहिले तर आजूबाजूचे उतार बंगल्यांनी खाल्लेले दिसतात आणि तेवढा एक अजून हिरवा आहे. मी पुढाऱ्यांच्या कामगिरीवर सहसा विश्वास ठेवत नाही, पण ही डोळ्यांना दिसते.

गेल्या उन्हाळ्यात त्या आदेशाने पहिला माणूस अडवला, तो मामा.

गावची शाळा चौथीपर्यंत, दोन खोल्यांची. पाचवीसाठी पौडला जावे लागे. मामा माजी असूनही पाचवीसाठी इतकी वर्षे अर्ज करत होते, आणि अखेर वर्ग मंजूर झाला. अट एकच होती: जूनच्या आत खोली दाखवा, नाहीतर मंजुरी गेली. गावाकडे मोकळी जागा एकच होती, शाळेमागचे गायरान, आणि ते पट्ट्यात येत होते. समाजमंदिरात अंगणवाडी भरते. देवीचे देऊळ तर रानातच.

मी मामांना गाडीने तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या तरुण कारकुनाने फाईल काढली आणि आदरपूर्वक वाचून दाखवले, ‘‘कोणत्याही प्रयोजनासाठी, कोणत्याही कारणास्तव, बांधकाम अनुज्ञेय असणार नाही.’’

‘‘भाषा कडक हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘शाळेचं काय?’’

‘‘साहेब, मसुद्यात इथे एक ओळ होती बघा. सार्वजनिक हिताची. ती असती तर आज सही करून दिली असती. पण कोणीतरी खोडलीय.’’ त्याने कागद उजेडाकडे धरला. ‘‘शेजारी सहीपण आहे.’’

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही ओळखीची होती. परतीच्या वाटेवर म्हणाले, ‘‘ओळ बरोबरच खोडली हुती, जावईबापू. वाईट त्याचंच वाटतंय.’’

मार्ग नव्हता असे नाही. आता वर बसलेल्या एका मंत्र्यांना मामांनी एक पत्र लिहिले असते, तर आदेशात शिथिलता मिळाली असती. पण त्या पत्राची वाट पाहणारी शाळा एकटी नव्हती. पट्ट्यात जमीन घेतलेले एक सद्‌गृहस्थ आंब्यांची पेटी घेऊन मामांकडे येऊन गेले. फार गोड माणूस. ‘‘मामा, आपण शाळेसाठी लिहा ना. छपराचे पत्रे माझे, बाकं माझी, कॉम्प्युटरपण माझा.’’ त्यांच्या चौदा बंगल्यांचा अर्ज त्याच कचेरीत, त्याच टेबलावर पडून होता. मामांनी आंबे परत केले.

मग शाळेच्या ओट्यावर गाव जमले. चौथी पास झालेली मुले नऊ, त्यांत सहा मुली. सगळ्यांत पुढे बसली होती सुमन, बुद्धविहाराच्या शेजारच्या वस्तीतली, भाताच्या लावणीला मजुरीने जाणारी. तिची मुलगी वर्गात पहिली आलेली.

‘‘मामा, रानाला जपलंत, लई चांगलं केलंत,’’ ती म्हणाली. ‘‘आता माज्या पोरीला कोन जपणार?’’

‘‘पौडाला जाईल की. एसटी हाय.’’

‘‘जायाची हाय. यायची कवा येते ते डायवरलाबी ठावं न्हाई. पोरगी फाट्यावरनं अंधारात चालत येणार व्हय? तिचा बाप म्हनतो, बसू दे घरी.’’

‘‘घरी बसायची न्हाई.’’

‘‘मग द्या पत्र.’’

‘‘पत्र दिलं की शाळंच्या मागनं चौदा बंगले येतील, सुमन. रान ऱ्हानार न्हाई.’’

‘‘मग काय करनार ते सांगा!’’

‘‘इचार करतोय.’’

‘‘म्हंजी माहिती घेण्याचं काम सुरू हाय म्हना की,’’ सुमन म्हणाली, आणि सगळा ओटा हसला. मामाही हसले, पण उशिरा, आणि थोडेच.

पत्र त्यांनी दिले नाही. गाव त्यांच्यावर रागावले, आणि ते रागावणे शहरासारखे नव्हते. हॉटेलात चहा येई, पण समोरचे बाकडे रिकामे राही. सुमन रस्त्यात दिसली तर बांधावरून जाई. मामा दिवसभर बाहेरच्या खोलीत बसून जुन्या प्रश्नोत्तरांत उपाय शोधत. मे संपत आला. त्या रविवारी आम्ही दोघे तिथे गेलो होतो. मामी दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘ही खोली द्या की.’’

‘‘कुटली?’’

‘‘ही. तुमी बसलाय ती.’’

मामा दचकले. घर रस्त्याकडेला, पट्ट्याच्या बाहेर. ते त्यांना माहीत नव्हते असे नाही. पण ती खोली म्हणजे खोली आहे हेच त्यांच्या ध्यानात नव्हते. ‘‘अगं, हे कार्यालय हाय. लोकांचं हाय.’’

‘‘व्हय? मग लोकं कुटं हायेत?’’

मामांनी दाराकडे पाहिले. दारात माझी चप्पल होती आणि माझ्या बायकोची.

‘‘आन ही कागदं?’’

‘‘माळ्यावर टाका. उंदरं वाचत्याल.’’ मग आवाज उतरवून मामी म्हणाल्या, ‘‘घर माज्या बापानं दिलंय, उताऱ्यावर नाव माजं हाय. तुमाला इचारायचीबी गरज नव्हती. तरी इचारलं.’’

मामा उठले आणि पहिला गठ्ठा त्यांनी स्वतःच उचलला. कपाटे रिकामी करायला आम्हाला दुपार लागली. मध्येच एखादे पान उघडून ते वाचत, कोणत्या गावाला पाणी नव्हते, कोणता डोंगर गेला. ‘‘हा तर गेलाच,’’ म्हणत पुठ्ठा मिटून माझ्याकडे देत. संपर्क कार्यालयाची पाटी मात्र त्यांनी मला काढू दिली नाही. स्टुलावर चढून स्वतः काढली, धूळ पुसली आणि आत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली.

अधिकारी येऊन खोली पाहून गेले. ‘तात्पुरती व्यवस्था’ असा शेरा पडला आणि जूनमध्ये पाचवी भरली. नऊच्या नऊ मुले आली. पौडहून एक नव्या बाई रुजू झाल्या. त्यांना घरमालक कोण हे ठाऊक नव्हते, आणि मामांनीही सांगितले नाही. पहिल्याच आठवड्यात मामा खिडकीशी उभे राहून वर्गात डोकावत होते, तर बाईंनी सांगितले, ‘‘आजोबा, मुलांचं लक्ष जातं. तिकडे बसता का?’’ मामा तिकडे बसले.

सुमन मुलीला सोडायला रोज येते. मामांशी अजून ती फारशी बोलत नाही. गायरानावर पक्की शाळा व्हायला हवी होती असेच तिचे म्हणणे आहे, आणि एका म्हाताऱ्याच्या खोलीत भरणारा वर्ग किती वर्षे चालणार, असे ती विचारते. पुढल्या वर्षी सहावीचा अर्ज करायचा आहे असे ते परवा म्हणाले आणि आतल्या खोलीकडे पाहू लागले. स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, ‘‘इकडं बघू नका.’’

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा मामा ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, पाठ वर्गाच्या भिंतीला टेकवून. केस फार पांढरे झाल्यासारखे वाटले. मी लांबूनच हाक मारली, तशी त्यांनी बोट ओठांवर ठेवले.

‘‘हळू, जावईबापू,’’ ते पुटपुटले. ‘‘भूगोल चाललाय.’’

ज्या आवाजाने एकेकाळी मंत्र्याला दारातून परत पाठवले, तो आता स्वतःच्या घरात कुजबुजत होता. मी शेजारी बसलो. आत एक मुलगी सावकाश, शब्दाशब्दाला थांबत, धडा वाचत होती. मामांनी डोळे मिटून घेतले होते. सुमनची का, असे मी हळूच विचारले. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि भिंतीला आणखी थोडे टेकून बसले.