बटणभाऊ आणि कुंकू लावलेला कंट्रोलर

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत बटणभाऊंना लोक चेहऱ्यावरून नव्हे, अंगठ्यांवरून ओळखत. व्हिडिओ गेमची बटणं दाबून दाबून त्या अंगठ्यांना असे घट्टे पडले होते की रेशन दुकानातल्या यंत्राने त्यांचा ठसा घ्यायला साफ नकार दिला. "हा अंगठा माणसाचा नाही," असं यंत्र बोललं, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. भाऊंना त्याचा कोण अभिमान! "बाबल्या," ते मला सांगत, "अंगठा शाबूत तर माणूस शाबूत."

जन्मभर भाऊंनी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिंग केलं. वेग असा की पत्र आधी टाइप होई आणि साहेबाला ते नंतर सुचे. निवृत्त झाले त्या संध्याकाळी शाल-नारळ घेऊन ते थेट लॅमिंग्टन रोडवर गेले. घरी येऊन शाल काकूंना दिली, नारळ देवापुढे ठेवला आणि टीव्हीखाली गेमचा कन्सोल मांडला.

"लोका म्हातारपणात जपमाळ घेतत!" काकू कडाडल्या.

"जपमाळेला ब्रेक कुठाय?" भाऊ म्हणाले.

दर रविवारी त्यांच्या खोलीत गाड्यांची शर्यत लागे. आम्ही चाळीतले चांगले नोकरीवाले बाप्ये, ओळीने बसून हरायचो. वळणावर भाऊ स्वतःच असे झुकत की शेजारी बसलेला गॅलरीत जाऊन पडे. दसऱ्याला लोक गाड्यांना, हत्यारांना हार घालतात. भाऊ कंट्रोलरला हळदकुंकू लावत. ते बटणांत शिरून दिवाळीपर्यंत गाडीचा ब्रेक लागत नसे, पण श्रद्धा ती श्रद्धा.

अशा भाऊंची गाडी एके वर्षी नागमोडी जायला लागली. "कंट्रोलर म्हातारा झालाय," म्हणत त्यांनी तीन कंट्रोलर बदलले. तिन्ही म्हातारेच निघाले. भाऊ शेवटून पहिले येऊ लागले आणि मग, "खेळा रे तुम्हीच," म्हणून भिंतीला टेकून बसू लागले. त्याच सुमारास काकू त्यांना अर्धाच कप चहा द्यायला लागल्या. हरल्याची शिक्षा असावी, असं आम्ही धरून चाललो.

तेवढ्यात बातमी आली की वरळीला गेमिंगचं मोठं प्रदर्शन भरतंय, आणि नवा कन्सोल, नवा कंट्रोलर तिथे हाताळायला मिळणार आहे. भाऊ उठून उभेच राहिले. "ह्याच्यावर जमलं तर खेळेन, बाबल्या. नाहीतर ते खोकं भंगारात."

लग्नातला सफारी, तोंडाला पावडर, बगलेत घावण्यांचा डबा, अशा थाटात भाऊ आणि मागोमाग आम्ही रविवारवाले निघालो. रांग वरळीहून निघून जवळजवळ आफ्रिकेला टेकली होती. भाऊंनी घावणे वाटायला सुरुवात केली. जो खाई तो आम्हाला पुढे सोडी. डबा रिकामा झाला तेव्हा आम्ही टेबलापाशी होतो.

नवा कंट्रोलर टेबलाला तारेने बांधून ठेवला होता, मारक्या बैलासारखा. कुणी हां हां म्हणायच्या आत भाऊंनी खिशातून पुडी काढली आणि त्याला कुंकू लावलं.

"अंकल, ये क्या किया?" स्टॉलवरची मुलगी किंचाळली.

"क्या किया मतलब? एवढं नवीन मशीन आणलंत, आणि पूजा कोण करणार?"

सिक्युरिटीवाला धावत आला. तो निघाला परळचा. त्याने बूट काढून कंट्रोलरला नमस्कार केला. मग मागची अख्खी रांग नमस्कार करत सुटली. मुलीने कुंकू पुसायला काढलेला रुमाल परत खिशात घातला आणि माहिती द्यायला लागली, "सर, ह्याचं व्हायब्रेशन एकदम नवीन आहे. जसा रस्ता, तशी थरथर."

"त्यासाठी एवढं कशाला? डिलाईल रोडवर टॅक्सीत बसायचं," भाऊ म्हणाले. पण कंट्रोलर हातात घेतला आणि दोन्ही अंगठे बटणांवर टेकवले. पडद्यावर गाडी खडकाळ रस्त्याला लागली, कंट्रोलर गुरगुरायला लागला. भाऊ नववे आले आणि जग जिंकल्यासारखे हसले.

"भाऊ, नववे आलात!"

"अरे, पण थरथरत कोण होतं, कळलं का कुणाला?"

त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. तो शांत झाला. भाऊंचा हात थरथरतच होता. अर्धा कप चहा मला तेव्हा समजला.

तो कंट्रोलर बाजारात आला तसा भाऊंच्या घरी आला आणि रविवार पुन्हा सुरू झाले. आम्ही कुणी कुणाला काही न विचारता व्हायब्रेशन पूर्ण वाढवून ठेवलं. खेळ थांबलेला असताना भाऊंचा हात हलला की कुणीतरी म्हणे, "भाऊ, ह्याला करंट जरा जास्तच आहे." "नवीन माल आहे रे!" भाऊ रुबाबात सांगत. ते हरत राहिले, आणि शेवटच्या रविवारी मला कोपराने ढोसून, सरळसरळ चिटिंग करून जिंकले.

भाऊ गेल्यावर वाटलं, काकू सगळ्यात आधी ते खोकं बाहेर काढतील. परवा सहज डोकावलो, तर काकू एकट्याच टीव्हीसमोर. पडद्यावर त्यांची गाडी भिंतीत घुसून अडकलेली, तरी ॲक्सिलरेटरचं बटण दाबून धरलेलं. कुणाचा हात धरावा तसा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलेला कंट्रोलर थडथडत होता.

"काकू, गाडी वळवा की!"

"गप ऱ्हव रे मेल्या," काकू मागे न बघता म्हणाल्या. "माजी गाडी बरोबर जाग्यार आसा."