काढून ठेवलेली वाटी

वडिलांच्या डोळ्यावरची वाटी मी काढली आणि वेळेवर परत लावली नाही. त्यांचा डोळा माझ्यामुळे गेला, आणि दोष मी त्यांना दिला.

त्यांचा एक डोळा काचबिंदूने केव्हाच गेला होता. उरलेल्यात धुकं साचलं, तेव्हा बनारसमध्येच ऑपरेशन झालं. कुणा मृत माणसाच्या दान केलेल्या डोळ्यातली पातळ चकती डॉक्टरांनी आत बसवली. तिला टाके नव्हते. हवेचा बुडबुडा तिला दाबून धरणार होता. म्हणून सतत उताणं पडायचं, जेवणापुरतं उठायचं आणि डोळ्याला हात लागू नये म्हणून वर प्लास्टिकची वाटी.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरात ते छताकडे बघत पडून असत. एका सकाळी मी औषध घालायला वाटी काढली, तर म्हणाले, "अरे, ती पाल ना? शेपूट तुटलेली?"

होती.

"आणि पोपडे किती आलेत! बँकेत साहेब झालास, घरची चुन्याची पुताई कोण करवणार?"

मला इतका आनंद झाला की, "आज बसून संध्या करू का?" असं त्यांनी विचारल्यावर नाही म्हणवेना. जन्मभर पाठशाळेत वेद शिकवलेला माणूस. "करा, पण लवकर आटपा. वाटी मग लावतो," म्हणालो आणि दाढी करायला गेलो. परत आलो तेव्हा संध्या झाली होती, वाटी खिडकीतच होती. गुपचूप लावून टाकली.

संध्याकाळी पुन्हा धुकं. चकती सरकली होती. डॉक्टरांनी परत हवा भरून पाहिली, पण चकती धरली नाही. "डोळा चोळला का?" त्यांनी विचारलं. वडिलांच्या आधी मीच बोललो, "बाबा, हात लावू नका म्हटलं होतं ना! लहान मूल आहात का?"

"लागला असेल रे," ते म्हणाले. "मला समजलं नाही."

दुसरी चकती बसवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. वडील तयार होईनात. "एकाचं दान मी मातीत घातलं. आता दुसऱ्याचं कशाला?" रोजच्या तर्पणात ते त्या अनोळखी माणसालाही पाणी देऊ लागले.

पुढे श्रावणी आली. वडील घरीच राहिले; अमृतराव घाटावर आम्ही बाकीचे जानवं बदलायला बसलो. वर्षातून तेवढंच माझं आचमन. पाणी प्यायलो, ओली बोटं नाकाला लावली आणि तीच बोटं आपोआप डोळ्यांवर गेली. मुंजीपासूनची सवय. वडील तर झोप पुसावी तसे डोळे दाबून पुसत. त्या सकाळीही तसेच पुसले असणार, आणि वर वाटी नव्हती. माझा हात तिथेच थांबला.

"ओ भैया, कान राहिले!" शेजारचा म्हणाला. "सो गये क्या?"

मी तसाच उठून घरी आलो. वडील चटईवर बसले होते. पावलं ओळखून म्हणाले, "इतक्यात झालं? जानवं तरी बदललंस?"

मी त्यांच्यासमोर बसलो.

"बाबा, तुम्ही संध्येत डोळ्यांना हात लावणार, हे मला कळायला हवं होतं. वाटी मी काढली होती. ती तशीच राहिली, हेही मी लपवलं आणि डॉक्टरांसमोर सगळं तुमच्यावर घातलं. ते दान तुम्ही वाया घालवलं नाही, मी घालवलं. माझ्या चुकीपायी दुसरं ऑपरेशन नाकारू नका. मला क्षमा करा."