मंदाची होरी

मंदाच्या कादंबरीतली होरी मी बुडवली.

आज तिला जाऊन वर्ष झालं. आता तरी कबूल करते.

मंदा ठाण्याच्या कोळीवाड्यातली, मी डोंबिवलीची. ठाण्याच्या एकाच ऑफिसात सव्वीस वर्षं आमची टेबलं शेजारी.
रिटायर झाल्यावर तिने कादंबरी लिहिली. स्वतःच्या पणजीवर, जानकीवर. आगगाडी नवी होती, तेव्हाच्या ठाण्याची.

छापायच्या आधी फाइल माझ्याकडे आली.
"सातव्या प्रकरणावर एक पॅरा लिहून दे गं. फेसबुकवर टाकते. वाचून लोकांनी पुस्तक उघडलं पाहिजे."

मी पॅरा लिहिला नाही. चुका काढल्या.
"होरी काय, मंदा? होडी लिही."
"अगं, आमच्याकडे होरीच म्हणतात."
"घरात म्हणा. पुस्तकात नाही."
ती हसली. "बरं बाई. एमए तू आहेस."
आणि सगळीकडे होडी केली.

पॅऱ्यासाठी तिचे आणखी दोन फोन आले.
"घाई कसली? नीट लिहीन," मी म्हटलं.

पुस्तक आलं, पॅऱ्याशिवाय. दोन महिन्यांत मंदा गेली.

तेराव्याला तिची भाची मोठ्याने पुस्तक वाचत होती. मंदाच्या थोरल्या बहिणीने तिला मध्येच थांबवलं.
"ही होडी कुनाची गो? आमचे पणजीची त होरी व्हती."

मी तिथेच बसले होते. उठून चहाचे कप गोळा करायला लागले.

हा घे तुझा पॅरा, मंदा.

"आगगाडी आली आणि खाडी ओलांडणारं गिऱ्हाईक आटलं. नवरा रेल्वेच्या कामावर गेला, तेव्हा जानकीने वल्ही स्वतः हातात घेतली. बाईच्या होरीत बसायला एकही माणूस तयार होईना. सकाळभर ती खाडीच्या पलीकडच्या काठावर उभी. मग एक म्हातारी आली. तिला ठाण्याच्या कोर्टात साक्षीला पोचायचं होतं, सगळा गाव तिच्या विरोधात. 'पोरी, होरी कुणाची?' जानकी म्हणाली, 'माजी हाय. बसा.' त्या दोघी ठाण्याला पोचल्या का, ते सातव्या प्रकरणात वाचा."

एवढंच लिहायचं होतं. वीस मिनिटं लागली.

ज्यांच्याकडे पुस्तक आहे, त्यांनी पेन घ्या. जिथे होडी दिसेल तिथे ड खोडा, र लिहा.
चूक लेखिकेची नाही. माझी आहे.

येते, मंदा. होरी तुझीच.