नेसलेला शालू

त्या वर्षी घट बसले तेव्हा मला हायसं वाटलं. त्याआधी बरेच दिवस माझं जेवण जवळजवळ बंद झालं होतं आणि कुणी विचारलं तर काय सांगावं हे सुचत नव्हतं. आता सांगता येत होतं, उपवास आहे. नवरात्रात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बहुतेक बायकांचा उपवास असतोच, त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं नाही. शेजारची सुमन जिन्यात भेटली की म्हणायची, "ताई, देवी प्रसन्न आहे हो तुमच्यावर. तुम्ही चहा-पाण्यावर, आणि आमचा उपवास म्हणजे बटाट्याचा सण. दसऱ्याला ब्लाउज होत नाहीत मला!" मी हसायचे. हसायला अजून जमत होतं.

खरं सांगायचं तर मलाही ती कृपाच वाटायला लागली होती. भूक लागत नाही, पहाटे आपोआप जाग येते, दिव्याजवळ कितीही वेळ बसता येतं. उपवास म्हणजे हवंसं वाटणारं देवासाठी बाजूला ठेवणं. मला काहीच हवंसं वाटत नव्हतं. या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढी साधी बाब माझ्या लक्षात आली नाही. पतपेढीत हिशेब तपासताना मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तरीही.

मिस्टर गेल्यानंतर मला निराशेचा आजार झाला. मी तो लपवला नव्हता, निदान स्वतःपासून तरी नाही. कल्याणला एका मानसोपचार डॉक्टर बाईंकडे स्वतः गेले, गोळ्या सुरू केल्या, दर महिन्याला जात राहिले. गोळी कधी चुकवली नाही. त्यामुळे आपण करायचं ते सगळं करतोय, असं मी धरून चालले. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "खाणं-झोप तुटली, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी फोन करायचा." मी मान डोलावली होती. मुलगा बंगळूरला नोकरीला. त्याचा फोन आला की मी त्याच्या जेवणाची चौकशी करायचे आणि "मी मजेत" म्हणून ठेवून द्यायचे. घरात दिवसभरात बोललेलं तेवढंच असायचं. कधीकधी माझाच आवाज मला खरखरीत वाटायचा.

त्या दिवसांत मला आवराआवरीचा झपाटा आला होता. माळा रिकामा केला, मोठी पातेली सुमनला दिली, कपाटातल्या चांगल्या साड्या वाटून टाकल्या. लोक म्हणाले, मोठं मन. आणि सकाळी उठल्यावर रोज एक विचार यायचा, आज जाग आली नसती तर बरं झालं असतं. पुढे पुढे तो विचार दुपारीही यायला लागला. त्याची भीती वाटत नव्हती, उलट त्यानं शांत वाटायचं. देवीचे दिवस आहेत, जाईल निघून, असं मी म्हणत राहिले.

अष्टमीला ओटी भरायला ठाण्याला टेंभी नाक्यावरच्या देवीकडे गेले. बायकांची रांग लांबपर्यंत गेली होती. ढोल वाजत होते, पोरी फोटो काढत होत्या आणि मी त्या गर्दीत पिशवी छातीशी धरून उभी होते. माझ्या पुढे एक आगरी बाई होती, इथल्याच माजिवड्याची, असं ती सगळ्या रांगेला सांगत होती. ठसठशीत, गळ्यात भरपूर सोनं, तोंडाचा पट्टा चालू. रांगेत घुसणाऱ्या एकीला तिनं "देवी काय तुझी मावशी हाय?" म्हणून परत पाठवलं होतं. मग तिचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं.

"शालू आणलास? दाव तरी."

मी दाखवला. तिनं काठावरून बोट फिरवलं आणि थांबली. "हा तर नेसलेला हाय गो. देवीला कोरं कापड लागतं, म्हाईत नाय तुला?"

मला माहीत होतं. दरवर्षी ओटीची साडी मी दुकानातून आणते आणि तिची घडीही मोडत नाही. हा माझ्या लग्नातला शालू होता. कपाटात तेवढाच उरला होता म्हणून मी तो उचलला, आणि नेसलेलं वस्त्र देवीला नेतोय हे माझ्या मनातही आलं नाही. मी म्हटलं, "असू दे. मला आता लागणार नाही."

"का? पोरगा-पोरगी नाय?"

"मुलगा आहे. लग्न व्हायचंय त्याचं."

"मग त्याच्या लग्नात काय नेसशील?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मंडप डोळ्यांपुढे आला, मुलगा आला, फेटे आले. मी कुठेच नव्हते. शोधलं तरी सापडेना.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "का गो बाय, कुठं चाललीस?"

रोज सकाळी येणारा तो विचार मी सांगून टाकला. जागच्या जागी, रांगेत उभ्या उभ्या, एका अनोळखी बाईला. रडले नाही. तिनं शालू माझ्या पिशवीत परत कोंबला आणि विचारलं, "डाक्टर हाय का कुनी?"

"आहेत. पण आज सणाचा दिवस. दसरा झाला की जाते. एवढी आलेय तर दर्शन..."

"देवी कुठं पळत नाय. फोन लाव. मी उभी हाय." मी पिशवीत फोन शोधू लागले तशी म्हणाली, "माझी भावजय अशीच दिव्यापुढं बसायची. आमी म्हनलो, देवाची झाली. अंगात येईल म्हनून वाट बघत बसलो, येड्यासारखी. शेवटी हास्पिटलात ठेवली तवा वाचली. आता मलाच दम देते रोज."

फोन लागला. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं वाटतंय का?" मला वाटलं होतं, हे कुणी विचारलं तर मी संतापेन. मी "हो" म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी पाठ जरा सैल झाली. त्या म्हणाल्या, घरी जायचं नाही, एकटं राहायचं नाही, मी ठाण्यातल्या ज्या हॉस्पिटलमध्ये पेशंट बघते तिथे थेट या. माजिवड्याच्या बाईनं आपली ओटी मागच्या बाईच्या हातात दिली. "माझीपन भर गो, नमस्कार सांग तिला." आणि देवी नजरेच्या टप्प्यात आलेली असताना ती रांगेतून बाहेर पडली. रिक्षात तिनं माझा हात धरला नाही, फक्त पिशवी धरून बसली. डॉक्टर बाई येईपर्यंत ती बाकावर होती. मग "जाते गो" म्हणून गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

भरती व्हा म्हटल्यावर मी हुज्जत घातली. गोळ्या वेळेवर घेते, घर सांभाळते, मी काही वेडी नाही. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही वेड्या नाही, तुमचा आजार वाढलाय. साखर गोळ्यांना जुमानत नाही तेव्हा आपण पेशंटला ठेवून घेतो ना? तसंच. महिन्यातून एक भेट आता पुरत नाही." मी भरतीच्या कागदावर सही केली. आयुष्यात मी सगळ्यांना दवाखान्यात नेलं होतं, मला कुणी नेलेलं नव्हतं.

वॉर्डात काही दिवस राहिले. औषधं बदलली, रोज कुणीतरी जवळ बसून विचारपूस करायचं. नंतरही बरेच महिने आठवड्याला जावं लागलं. मध्ये वाईट दिवस आले. अजूनही येतात, आणि तेव्हा मी त्याच दिवशी फोन करते.

ती बाई कोण होती याचा मी फार विचार करत नाही. माजिवड्याची होती, बोलकी होती, आणि देवीनं तिला माझ्याच पुढे उभं केलं. मला एवढं पुरतं. देवीपुढे हात जोडून मी वर्षानुवर्षं म्हणत आले, तुझ्या हवाली. पण हवाली कधी केलंच नाही, सगळं माझ्या मुठीत होतं.

भरतीच्या संध्याकाळी सिस्टरनं विचारलं, "घरच्यांपैकी कुणाला कळवायचं?" नेहमीचं "कुणाला नको" ओठांवर आलं होतं. मी त्यांच्याकडे जमा केलेला माझा फोन मागितला. मुलानं उचलला आणि नेहमीसारखं म्हणाला, "बोल आई, जेवलीस?"

"नाही रे," मी म्हटलं. "मला बरं नाहीये. तू ये."