आमच्याच घराच्या बेसमेंटमध्ये

इकडे परदेशात, वॉन शहरात आम्ही घर घेतलं आणि त्याच्या बेसमेंटमध्ये राहायला गेलो. वरचे दोन मजले एका पंजाबी कुटुंबाला भाड्याने दिले. कल्पना माझीच. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, पगार बरे. एकाच्या पगारात घर चालवायचं आणि दुसऱ्याच्या पगाराला हात लावायचा नाही, असं पाच वर्षांसाठी ठरवलं. नवरा म्हणाला, त्याला कुठेही झोप लागते, पण मला जमेल का? मी तोऱ्यात हो म्हटलं.

जमलंही. गाडी जुनी, डबा घरचा, ग्रोसरी सेल बघून. खिडकी इतकी वर की बाहेरचं गवत डोळ्यांच्या रेषेत यायचं. वरची मुलं पळायला लागली की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. याचं मला काही वाटायचं नाही. धास्ती एकच होती, आईला कळेल याची.

तिने नागपूरच्या सगळ्या कॉलनीला लेकीच्या मोठ्या घराचं कौतुक ऐकवलं होतं. मी पाठवलेला फोटो रस्त्यावरून काढलेला होता, त्यात खोटं काहीच नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मी मागचं सगळं ब्लर करून बसायचे. घर दाखव म्हणाली की पसारा पडलाय म्हणून सांगायचे. तीन वर्षं पसारा पडलेला होता आणि तिने एकदाही हटकलं नाही.

मग मे महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली. विमानतळापासून घरापर्यंत मी सांगायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. गाडीतून उतरून ती सरळ पुढच्या दाराकडे निघाली. तिचा हात धरून तिला बाजूच्या दाराकडे वळवताना माझे कान तापले. जिना उतरून ती पलंगावर बसली, आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. ती छताकडे बघत ऐकत राहिली. वर मुलं धावत होती.

"भाडं वेळेवर देतात?" तिने विचारलं.

"देतात."

"मग लपवलंस कशाला?"

तुला कमीपणा वाटेल म्हणून, असं मी पुटपुटले.

ती स्वेटरची घडी घालत होती. "आपल्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने होत्या, तेव्हा तू मैत्रिणींना घरी आणायची नाहीस. त्याच भाड्यावर तुझं इंजिनिअरिंग झालं. मला वाटलं होतं, आता तरी मोठी झाली असशील."

ती रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं. मला स्वतःची लाज वाटली, तीन वर्षांत पहिल्यांदाच योग्य कारणासाठी.

रविवारी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मी ब्लर काढला आणि फोन आईकडे दिला. तिने तो सावकाश चारी भिंतींवरून फिरवला, मग छताकडे धरला.

"हे लेकीचं घर," ती म्हणाली. "वर तिचे भाडेकरू राहतात."