ब्रेकची लिव्हर

ब्रेक ऑइलचा उग्र वास नाकात गेला, की मला बायपासपलीकडचं आमचं तेव्हाचं नवंकोरं घर आठवतं. वसाहत झाली होती, पण नळ पोचले नव्हते, आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिल्यानं सगळी गल्ली टँकरच्या वाटेकडं डोळे लावून असायची. नवऱ्यानं लांब पल्ल्याची एक जुनी मोटारसायकल घेतली होती. आम्हा दोघांना फर्दापूरपर्यंत जाता यावं म्हणून त्यानं तिला पुढं मोठी काच लावली, मागच्या सीटमध्ये जाड फोम भरला, पण मला कधी साधा पाना धर म्हणाला नाही. त्या दुपारी मी टँकरवरून हंडा भरून आले, तर शेजारी नुकतीच राहायला आलेली बाई गाडीवर बसलेली आणि हा चाकाशी उकिडवा. ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. एकानं लिव्हर दाबायची, दुसऱ्यानं खालचा स्क्रू ढिला करायचा. "दाबा. धरून ठेवा. आता सोडा," असं तो इतक्या मऊ आवाजात सांगत होता, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हंडा आदळला, निम्मं पाणी अंगणात गेलं. ती दचकून म्हणाली, "वहिनी, पाणी ओढून तुमच्या हाताला फोड आलेत, म्हणून दादांनी मला बोलवलं." "व्हय का? उतरा खाली," मी म्हणाले आणि त्या फोडांसकट लिव्हर धरली. आता ब्रेकचं काम निघालं, की मुलगी हौसेनं विचारते, "आई, मी दाबू का?" मी तिलाही लिव्हरला हात लावू देत नाही.