आधी सैल, मग शून्य

हस्केलभाऊजी गेले तो गुरुवार होता. मी मशीनवर पडद्याची किनार दुमडत बसले होते. फोन वाजला, पलीकडे हन्नाजाऊ. "रिबका, हे गेले गं... चहाचा कप हातातच होता." आणि खरं सांगते, आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की म्हणजे आता ते कधीच बोलणार नाहीत. आठ वर्षं मी त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकायला थांबले होते, तेही चारचौघांत. 'रिबकाची चूक नव्हती.' एवढंच. रडू आलं ते नंतर, आणि मग थांबेना.

मेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. शोकाचे सात दिवस मी जाऊबाईंशेजारी जमिनीवर बसून तेच केलं. आलेल्या प्रत्येकाला मान हलवून सांगितलं, हो, हो, फार मोठ्या मनाचे होते. आता महिना उलटून गेला. आपल्या समाजाच्या पुरवणीचे संपादक म्हणाले, चार आठवणी लिहा. लिहिते, पण मग सगळ्या लिहीन. मोठ्या दिराला एकेरी बोलायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून कितीही संताप झाला तरी लेख अहो-जाहोतच होईल. माझी मुलगी एस्तेर म्हणते, "इमा, दाय!" म्हणजे आई, पुरे. तिला मी मराठीत सांगितलं, पुरे कधी ते मी ठरवीन.

मोठ्या मनाचे होते हे खोटं नाही. पासष्ट साली आम्ही मुंबईहून अश्दोदला उतरलो तेव्हा भाऊजी आमच्या आधी दोन वर्षं येऊन बसलेले. माझं लोखंडी कपाट त्यांनी दोरीने पाठीवर बांधून चार जिने चढवलं, वर आल्यावर धापा टाकत म्हणाले, "बाईसाहेब, आत काय अख्खी भायखळ्याची बाजारपेठ भरून आणलीत काय?" दुकानात 'किती', 'महाग आहे', 'उद्या देते' हे इब्रीत, म्हणजे इथल्या हिब्रू भाषेत, कसं म्हणायचं ते त्यांनीच शिकवलं. मुंबईच्या गोदीत ते फिटर होते. इथे नदीच्या तोंडाशी एक बोटींची शेड होती, शिडाच्या बोटी दुरुस्त करायची, तिथे ते लागले आणि तीन वर्षांनी मलाही लावून घेतलं, शिडं शिवायला. मालक अवनेर इथलाच जन्मलेला, अर्ध्या चड्डीत फिरणारा. त्याने माझी शिलाई बघितली, जाड कापडाचा एक टाका नखाने उचकटायला गेला, उचकटला नाही. "उद्या ये," म्हणाला. ती नोकरी भाऊजींमुळे. हे मी विसरले नाही, म्हणून तर जास्त लागतं.

शिडाच्या बोटीला मधे उंच डोलकाठी असते. तिच्या शेंड्यापासून बोटीच्या मागच्या टोकापर्यंत एक पोलादी तार ताणलेली असते, काठी पुढे कोसळू नये म्हणून. सगळे तिला बॅकस्टे म्हणत, भाऊजी 'शेपूट' म्हणत. खाली टर्नबकल असतो, तो फिरवला की तार ताठ होते. कमी ताणली तर काठी डुलते, जास्त ताणली तर तार तुटायच्या आधी बोटच वाकते. भाऊजींचं माप म्हणजे हात. तारेवर चापट मारायची, कान लावायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "बोलली!" एकदा अशी बोलली की बोटीच्या खोलीचं दार लागेना. सुतार रंधा घेऊन आला, आणि भाऊजींनी टर्नबकल चार फेरे सोडल्याबरोबर दार आपोआप लागलं. अख्खी बोट धनुष्यासारखी वाकली होती. अवनेर त्या दिवशी जे बोलला त्यातलं निम्मं मला कळलं नाही ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी भाऊजींना म्हटलं, "मी सांगू का? ताणणारं कापड किती ताणतंय ते आम्ही कसं बघतो? टेपाचं एक टोक कापडाला टाचायचं, दुसरं मोकळं सोडायचं. कापड ताणलं की सरकतं, टेप सरकत नाही. फरक दिसतो." भाऊजी एवढे हसले की चहा बशीतून सांडला. "अगं, तार म्हणजे काय झबल्याचं इलॅस्टिक आहे?" पण माणूस हुशार होता. हसणं थांबलं नि ते उठले. दोन मीटरची सागवानी पट्टी त्यांनीच रंधून काढली. पट्टीचं वरचं टोक मी तारेला घट्ट बांधलं, खालचं मोकळं सोडलं. मोकळ्या टोकाजवळ तारेला पांढरा दोरा गच्च बांधून डिंकाने चिकटवला, आणि तार सैल असताना दोऱ्यासमोर पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारली. ते शून्य. भाऊजी टर्नबकल फिरवू लागले आणि बाई गं, दोरा खरंच खाली सरकला! केसभर, मग आणखी केसभर. तारेच्या कारखान्याचा कागद काढून अवनेरने हिशेब मांडून दिला. दोन मीटरला एक मिलिमीटर ताणली, की तार तुटायला जेवढा जोर लागतो त्याचा विसावा हिस्सा तिच्यावर आला. चार-पाचाला थांबायचं, सहाच्या पुढे जायचंच नाही. "वा गं माझ्या पोरी!" भाऊजी म्हणाले. मला वाटलं, मी दोन बोटं उंच झाले.

महिन्याभरात हैफाहून कोणी बोटवाले आले. पट्टी बघून विचारलं, ही युक्ती कोणाची? मी दोन हातांवर शीड शिवत होते. भाऊजी म्हणाले, "मुंबईच्या गोदीत मी असंच करायचो." सुई माझ्या हातात तशीच राहिली. घरी जाताना बसमध्ये त्यांनीच विषय काढला, "शिंपिणीची युक्ती म्हटलं असतं तर हसले असते गं ते. आपलं काम झालं ना? घरातल्या घरात काय तुझं नि माझं?" माझे मिस्टर दानिएलही म्हणाले, जाऊ दे, मोठा भाऊ आहे. मी जाऊ दिलं. आपलेच दात, आपलेच ओठ. शेडमध्ये पट्टीला 'हस्केलची काठी' नाव पडलं, बोटींच्या क्लबची मुलं ती बघायला येत, भाऊजी त्यांना शिकवत. पण रेघा मीच मारायची. शेजारी बोटीचं नाव, तारीख, आकडे, सगळं मराठीत. आणि एक गोष्ट मी त्यांना घोकून घोकून सांगितली होती, आधी सैल, मग शून्य. तार थोडीशी जरी ताणलेली असताना शून्य मारलं तर आधीचा ताण मापात येतच नाही. पट्टी चार दाखवील आणि तारेवर असतील सात, आठ. ते त्याला 'रिबकाचा पाढा' म्हणत.

अशी सात वर्षं गेली. मग तो शुक्रवार. शनिवारी एक बोट जायची होती, तिच्या तारेचं माप राहिलं होतं. मी बारालाच निघायची, शब्बाथचा स्वयंपाक, घरी मुलं. निघताना म्हटलं, "भाऊजी, टर्नबकल पुरता सोडल्याशिवाय रेघ मारू नका हां." ते म्हणाले, "जा गं, चपात्या लाट. मला शिकवतेस?" मी हसले आणि बस पकडली. शनिवारी दुपारी वारा पाठीमागून असताना त्या बोटीची तार जिथे बोल्टाने बसवलेली असते तो लोखंडी कान उपटून आला आणि डोलकाठी पुढे कोसळली. योसी म्हणून पोरगा होता क्लबचा, त्याचा हात कोपरापासून मोडला. तो हात पुढे सरळ झालाच नाही.

रविवारी सकाळी कामावर गेले तर तार धक्क्यावर वेटोळं करून पडली होती, धड, कुठे न तुटता. पांढरा दोरा तसाच, वर पट्टी बांधल्याची खूणही तशीच. अवनेर उभा, भाऊजी उभे. अवनेरने विचारलं, "माप कोणी घेतलं?" भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. तारेकडे बघत ते इब्रीत म्हणाले, "पट्टी रिबकाची आहे. मापं तीच घेते."

पट्टी रिबकाची आहे! सात वर्षं हे ऐकायला माझे कान तरसले होते. हैफावाल्यांसमोर नाही म्हणाले, क्लबच्या पोरांसमोर नाही म्हणाले, घरच्या मलिद्याच्या विधीलासुद्धा नाही. म्हणाले ते त्या दिवशी. मी माझ्या मोडक्यातोडक्या इब्रीत सांगितलं, मी बाराला गेले होते, मी नव्हते. अवनेरने भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी सिगारेट पेटवली. बस. मला अजून त्या काडीचा आवाज ऐकू येतो. अवनेरने मला त्याच दिवशी घरी पाठवलं.

नंतर मी किर्यात गात गावच्या कापडगिरणीत लागले. पहाटे बस, दिवसभर चादरींच्या किनारी. त्याचं दुःख नाही, काम ते काम. पण योसीची आई बाजारात दिसली की तोंड फिरवायची. आपल्या लोकांतही कुजबुज, हीच ती, हिच्या मापाने पोराचा हात गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि भाऊजी? ते दर शुक्रवारी मासळी घेऊन यायचे! साफ करून, तुकड्या पाडून. माझं मशीन बिघडलं की न बोलावता तेलाची बाटली घेऊन हजर. दानिएल म्हणे, बघ, किती करतो आपलं. मी तळून वाढायची. एकदा पुतण्याच्या लग्नाच्या मलिद्याला मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, त्या शुक्रवारी शून्य कधी घेतलंत? सैल करून, की तशीच?" एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाचं ताट समोर होतं, खोटं बोलवेना बहुतेक. म्हणाले, "झालं गेलं. आता कशाला उकरतेस, रिबका?" आणि माझ्या हातावर गोड पोह्यांची दुप्पट मूठ ठेवली.

सगळ्यात वाईट सांगू? वर्षं गेली तशी माझी मलाच खात्री वाटेना. वाटायचं, एवढा देवभोळा, प्रेमळ माणूस मुद्दाम कसा गप्प राहील? निघायच्या घाईत मीच तर नसेल मारली रेघ, तार सैल न करता? चादरी दुमडता दुमडता मी तो शुक्रवार शंभरदा उलगडला. भाऊजींनी माझी नोकरी घालवली ते एक. माझी आठवणसुद्धा माझी ठेवली नाही, हे दुसरं.

तिसाव्या दिवशीचा विधी झाल्यावर क्लबची मंडळी जाऊबाईंना म्हणाली, त्यांची ती काठी भिंतीवर लावू या, खाली पितळी पाटीवर नाव. शेडमध्ये ती कधीची दिसत नव्हती. जाऊबाईंना घरातच सापडली, कपाटामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. त्या बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. माझ्याकडे घेऊन आल्या. "रिबका, किती रेघोट्या आहेत बघ. घासून, पॉलिश करून देतेस? तुझा हात बसलाय."

त्या गेल्यावर मी चादर सोडली, पट्टी खिडकीशी नेली, चष्मा लावला. रेघांचा सडा, आणि सगळे आकडे माझे, मराठी. फक्त शेवटी तीन रेघा वेगळ्या हाताच्या. भाऊजी आकडे इंग्रजीत काढायचे, गोदीची सवय. मधल्या रेघेशी त्या शुक्रवारची तारीख आणि शून्य. तिच्याखाली चार मिलिमीटरवर दुसरी, तीच तारीख, आकडा चार. म्हणजे शून्यही त्यांनी मारलं आणि मापही त्यांनीच घेतलं, मी चपात्या लाटत असताना. आणि शून्याच्या वर, पुन्हा बरोबर चार मिलिमीटरवर, तिसरी रेघ. तारीख रविवारची. शेजारी बारीक मराठी अक्षरात एकच शब्द, 'सैल'.

मला घरी पाठवल्यावर, त्याच दिवशी, त्यांनी ती तार धक्क्यावर सरळ अंथरली होती. पट्टी लावली होती. दोऱ्यासमोर खरं शून्य मारलं होतं. चार नव्हे, आठ मिलिमीटर. माझा पाढा त्यांना पाठ होता, अगदी बिनचूक पाठ होता. सकाळी अवनेरसमोर घाबरले असतील, नोकरी जाईल, इभ्रत जाईल. तेवढं मी माफ केलं असतं, शपथेवर सांगते. पण संध्याकाळपर्यंत त्यांना कळलं होतं. कळल्यावरही आठ वर्षं दर शुक्रवारी मासळी आणली, ती मी तळली, आणि आम्ही दोघांनी एका ताटलीतून खाल्ली.

दोन मीटरची लाकडी पट्टी. चुलीत घातली असती तर चहाचं आधण येईपर्यंत राख झाली असती. रंध्याचा एक हात मारला असता तरी रेघ गेली असती, आणि रंधा तर त्यांचाच. का ठेवली? माझ्यासाठी, की फेकायचा धीर झाला नाही म्हणून? विचारायला माणूस नाही. तेवढंही ठेवलं नाही माझ्यासाठी. ह्याच रागाने मी परवा मशीनवर डोकं टेकून मोठ्याने ओरडले, "भाऊजी!" एस्तेर धावत आली. काही नाही म्हटलं.

जाऊबाई, हा लेख तुम्ही वाचाल. खाल्ल्या घरचे वासे मोजते असं वाटेल, वाटू दे. पट्टी मी पॉलिश केलेली नाही, करणारही नाही. ती माझ्या मशीनमागे भिंतीला टेकून उभी आहे. योसी मोठा झालाय, दोन लेकरांचा बाप आहे. त्याला मी येत्या रविवारी चहाला बोलावलंय, त्याच्या आईसकट. त्याला चष्मा लागत नाही, त्या तीन रेघा त्यानेच वाचाव्यात. मग क्लबने हवी तर खुशाल न्यावी, लावावी भिंतीवर, पितळी पाटी लावावी. पाटीवर काय लिहायचं ते भाऊजींनी स्वतःच सांगून ठेवलंय, मी फक्त पुढचं जोडते. पट्टी रिबकाची आहे. शेवटच्या तीन रेघा हस्केलच्या.